भुरीचं पारडू

मु. नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती

ती. सौ. माणिकवहिनीस धाकट्या दिराचा, म्हणजे खुशालचा, लांबूनच नमस्कार. (जवळून केला तर कान धराल.) दादाचा खोकला कसा आहे, तुमचे गुडघे कसे आहेत आणि तुमचा राग कुठवर चढला आहे, ते कळवावं. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे, अब्रूचं तेवढं विचारू नका.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या धाकट्या बहिणीला, शालूला, पाहायला मी दोन रविवार अकोल्याला येतो म्हणालो नि दोन्ही वेळा आलो नाही. तुमच्या माहेरच्यांनी दोनदा पोहे केले नि आपले आपणच खाल्ले. या रविवारीही आलो नाही तर भातकुलीच्या स्थळाला होकार जाणार, हे सारं वाचलं. ‘म्हशीमुळे अडलो’ या माझ्या निरोपावर दादा भडकला, आणि शालूनं फक्त एवढंच विचारलं, “म्हैस दिसाले कशी आहे?” तुम्ही ही तक्रार म्हणून लिहिलीत, पण ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, वहिनी. देवाशपथ, तेवढ्यासाठी तरी मला यायचंच आहे.

आता हकीकत ऐका. नागपूरच्या शेतकी कॉलेजात एवढा शिकल्यावर सरकारनं मला काम दिलं ते हे, की गायरानात एका जनावराच्या मागे दिवसभर हिंडायचं नि ते कोणतं गवत किती खातं ते टिपायचं. (त्यावरून गायरानात किती गुरं पोसतील ते ठरवायचं. हसू नका, मोठ्या कामाचं आहे.) मी निवडली गोदाबाईंची भुरी. गोदाबाईंच्याच ओसरीवर मी राहतो, आणि त्या माउलीचं घर या एका म्हशीच्या दुधावर चालतं. भुरीचं पारडू नुकतंच मेलं होतं, त्यामुळे ती पान्हाच सोडेना. अशात मी सकाळपासून सांजेपर्यंत तिच्या मागे. ती बसली की मी बसायचो, ती डबक्यात उतरली की मी काठावर उभा. चार दिवसांत तिनं माझी मान चाटली, कोटाची बाही चघळली, आणि मी समोर उभा राहताच घळाघळा दूध दिलं. गोदाबाई म्हणाल्या, “आता तुमीच तिचं पारडू. हलू नका जागचे!” तेव्हापासून दोन्ही वेळच्या धारेला हा कृषी पदवीधर गोठ्यात मान पुढे करून उभा असतो, वहिनी.

पहिल्या रविवारी मी बैलांच्या दमणीत बसलो. मोटारीच्या थांब्यावर उतरून पाहतो तर दावं तोडून भुरीबाई मागे हजर! तिला सोडून चढावं तर मोटारीपुढे आडवी. हात धरून नवरी आणावी तशी तिला गावात परत आणली. दुसऱ्या रविवारी भल्या पहाटे, भुरी झोपेत असताना सटकलो. मोटार सुटणार तोच नत्थुजी गाडीवाले हाका मारत आले, “अजी साहेब, कुठी चालले? कास दगडावानी झाली म्हशीची, गोदाबाई रडून राहिल्या!” मग मी काय करणार? उतरलो. तुम्ही असतात तर तुम्हीही उतरला असतात.

त्यात कामाचीही माती झाली. भुरीला मारवेल गवत फार आवडतं, असं मी वरिष्ठांना कळवलं. ते खूश झाले. मग परवा ध्यानात आलं, की गवत ओळखायला मी जिथे वाकतो तिथेच ती तोंड घालते! गुरं टाळतात त्या कुसळी गवतापुढे मी वाकलो, तिनं निमूट तेही खाल्लं. म्हणजे इतके दिवस मी तिच्या मागे नव्हतो, तीच माझ्या मागे होती, आणि सरकारदरबारी जी गेली ती माझीच आवड. आता सगळं पहिल्यापासून करायचं. तेव्हा वहिनी, असा हा गुंता. मी नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर गोदाबाईंनी खायचं काय? माझ्या वतीनं शालूची माफी मागा. मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे.

आपला अडकलेला,
खुशाल

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी मी आंघोळीला गेलो असताना गोदाबाईंनी थंडी वाजते म्हणून खुंटीवरचा माझा कोट अंगात घातला नि सहज धारेला बसल्या. भुरीनं बादली भरून दूध दिलं! मी पंचा गुंडाळून दारात उभा, तर माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे पारडू मी नव्हतोच, कोट होता. खरं सांगतो, जिवाला लागलं.

ता. क. २. मी आता मोकळा. रविवारी नक्की येतो. पण कोट इथेच ठेवावा लागणार, नि माझ्याकडे दुसरा नाही. तेवढा दादाचा लग्नातला काळा कोट पत्र मिळताच मोटारीनं पाठवा. पाठवण्याआधी मात्र कृपा करून तो तुमच्या गोठ्याकडे वाळत घालू नका.

ता. क. ३. शालूच्या प्रश्नाचं उत्तर मुद्दामच दिलं नाही. तिला म्हणावं, भुरी दिसायला कशी आहे ते सांगून समजणार नाही, सोबत येऊन पाहावं लागेल. आणि हे ऐकून ती हसली की नाही, तेवढं कोटाच्या खिशात चिठ्ठी घालून कळवा.