दस्ता पोखरलेली रायफल

२५ ऑगस्ट, सोमवार

रानडुकरं मारायची परवानगी अखेर हातात पडली. १४ सप्टेंबरपर्यंत, फक्त आपल्या आणि लेखी संमती दिलेल्या शेजाऱ्यांच्या पिकात. टेकडीवर वनखात्याचा पांढरा दगड आहे, त्याच्यापलीकडे रायफल न्यायची नाही. हे सगळं ठीक. पण वनरक्षक कागद देताना म्हणतो, "साहेबांना पाठवा की सहीला." परवाना माझ्या नावावर, फोटो माझा, आणि सहीला साहेब! मामंजी गेल्यावर रायफल कोणाच्या नावावर करायची हा प्रश्न आला तेव्हा ह्यांची नजर अधू आणि दादा (मोठे दीर) जालन्याला दुकानात, म्हणून माझं नाव लागलं. कॉलेजात एन.सी.सी.त नेमबाजी केलेली, ती तीस वर्षांनी कामाला आली. वनरक्षकासमोरच सही ठोकली आणि आले.

मका दुधात आहे. रोज पहाटे दहा-बारा डुकरं उतरतात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पहिली फेरी. पहाटे पाचला निघाले. नाल्याच्या कडेनं वर, मग बांधाबांधानं कमलच्या रानापर्यंत. कमलचा अर्धा एकर मका आपल्या मक्याला लागून. तिची संमती सगळ्यात आधी आली, कारण गेल्या साली डुकरानं तिच्या जावेची मांडी फाडली. बाई अजून लंगडते.

तीन किलोमीटर चाल झाली असेल. स्कूटीवरून पडून खांद्याचं हाड मोडलं होतं, नेमका तिथंच पट्टा बसतो. वर पोचेपर्यंत हात बधिर. डुकरं दिसली, सहा. रायफल खांद्याला लावेपर्यंत चार उरली, नेम धरेपर्यंत एकही नाही.

संताप संताप झाला. डुकरांचा नाही, त्या लोखंडाचा.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक झाल्यावर ह्यांनी कापूस तोलायचा लटकता काटा काढला आणि रायफल टांगली. पट्टा आणि पाच काडतुसांसकट चार किलो शंभर. मग म्हणाले पिशवीही टांग. पिशवी दोन किलोच्या वर! पाण्याची बाटली, बॅटरी, आणि कागदांची फाइल. परवाना मूळ प्रत, परवानगी मूळ प्रत, सातबारा, संमतीपत्रं, आधार. वनरक्षकाला झेरॉक्स चालत नाही. म्हणजे अर्धा पाऊण किलो नुसतं सरकार पाठीवर घेऊन मी डोंगर चढते.

हे हसले. मला काही हसू आलं नाही.

संध्याकाळी दादांचा फोन. म्हणे, "रायफल जड न्हाई सूनबाई, बायामाणसांचा खांदा हलका असतो. तुझे मामंजी हीच घेऊन दिवस दिवस फिरायचे." मामंजी फिरायचे हे खरं. रायफल मात्र गड्याच्या खांद्यावर असायची आणि डुक्कर दिसलं की त्यांच्या हातात यायची. हे मी या घरात येऊन डोळ्यांनी पाहिलंय. दादांना फोनवर सांगितलं नाही, ह्यांना सांगितलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

जालन्याला रहीमचाचांकडे. बंदुका दुरुस्त करणारा या भागातला एवढाच एक जुना माणूस, मामंजींच्या वेळेपासूनचा. राजूरला गणपतीची गर्दी, एस.टी. तासभर जागची हलली नाही, मांडीवर गुंडाळलेली रायफल आणि शेजारची बाई विचारते, "हार्मोनियम हाये का?"

चाचांना म्हटलं नळी दोन इंच कापा. त्यांनी कानाला हात लावला. नळी कापणं गुन्हा, ते मलाही माहीत होतं, तरी विचारलं. मग म्हटलं मागचा दस्ता पोखरा, खांद्याला टेकतो तो. दस्ता शिसवी, भरीव, आतून लाकूड काढलं तर वरून कळणारही नाही. चाचांनी रायफल दोन बोटांवर तोलून दाखवली, मधोमध थांबली.

"बेटा, वजन कमी होईल, बिलकुल होईल. पण मागचं कमी केलं की पुढचं भारी होतं. थकलेल्या हाताला नळी खाली खेचते."

मी म्हटलं थकणारच नाही, वजनच कमी होणार ना. त्यांनी अजून एकदा सांगितलं, की कमी करायचंच तर पिशवीतलं सामान करा. मला वाटलं हेही दादांसारखंच बोलताहेत, बाईला जमत नाही म्हणून. म्हटलं, पोखरा.

२ सप्टेंबर, मंगळवार

रायफल आणली. काट्यावर तीन किलो साडेसातशे. साडेतीनशे ग्रॅम गेले! अंगणात खांद्याला लावून पाहिली, दहा वेळा, वीस वेळा. झकास. हे म्हणाले एक गोळी चालवून बघ. काडतुसं मोजकी, प्रत्येकाचा हिशोब वनखात्याला द्यायचा, उगाच कुठं चालवू. अंगणात लागतेय तशी रानात लागेल.

४ सप्टेंबर

फेरी. खांदा दुखला नाही. दगडापर्यंत जाऊन आले, पाय वळवळत होते अजून चालायला. डुकरं आली नाहीत. दादांना मुद्दाम फोन करून सांगितलं की वजन उतरवलं आणि मस्त चाललंय. पलीकडून "हं" एवढंच आलं. ते "हं" ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१० सप्टेंबर, बुधवार

काय लिहू.

पहाटे नाल्याच्या वरच्या अंगाला चिखलात ताजे खूर. कळप पुढं सरकताना ऐकू येत होता, म्हणून चढण जवळजवळ पळतच चढले. रायफल हलकी, त्याचाच माज. वर पोचले तेव्हा श्वास लागलेला. समोर साठ-सत्तर पावलांवर मोठा नर, आडवा उभा, मागं टेकडीची माती, म्हणजे गोळी कुठं जायची भीती नाही. नेम बराबर खांद्यामागं धरला. चाप ओढताना नळी खाली गेली. मला जाताना दिसली. थांबता आलं नाही.

गोळी पुढच्या पायाला. असं किंचाळलं की अजून कानात आहे. तीन पायांवर पळालं, टेकडीकडं नाही, खाली. कमलच्या मक्यात.

दुसरी गोळी उभ्या मक्यात चालवता येत नव्हती, आत काय दिसतं. अर्धा तास बांधावर उभी राहिले. एकदा ताटं हलली, मग नाही.

दुपारी

दादांचा फोन, ह्यांनी सांगितलं असणार. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत, ते जास्त वाईट. हळू आवाजात म्हणाले, "कोणाला बोलू नको. मरंल दोन दिवसात. बोललीस तर परवाना जाईल, घराची रायफल जाईल."

घराची रायफल! आणि कमल उद्या सकाळी सात वाजता खुरपं घेऊन त्याच मक्यात वाकणार, ते? जखमी डुक्कर कोणावर जातं हे काय मला सांगायला पाहिजे? जावेची मांडी शिवताना दवाखान्यात कमलबरोबर मीच बसले होते. एवढा राग मला कोणाचाच आला नव्हता या घरात. आणि अर्धा राग स्वतःचा होता, कारण फोन ठेवल्यावर एक क्षण मीही हिशोब केला, की खरंच मरेल का दोन दिवसात. एक क्षण. पण केला.

लगेच उठून कमलकडं गेले. ती शेणी थापत होती. सगळं सांगितलं, पळत चढले तेही, दस्ता पोखरला तेही. तिनं हात धुतले, घरातून मोबाइल घेतला आणि शेजारच्या चार बायांना सांगितलं की उद्या त्या अंगाला कोणी जायचं न्हाई. मला चहाही दिला नाही. बरोबरच केलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

वनरक्षकाला स्वतः कळवलं. तो आला, तासभर नुसतं लिहीत होता. किती काडतुसं, किती वाजता, कोणत्या गटात. जनावराचं नाव कुठं नाही त्या कागदात. मी म्हटलं आधी शोधू, मग लिहू. म्हणाला आज माणसं नाहीत, रविवारी येतो. तीन दिवस! तोपर्यंत शोधायला जायचं नाही असा हुकूम. आणि जाताना ऐकवलंच, "म्हणून म्हणत होतो, साहेबांना पाठवा." ह्यांना, ज्यांना अंगणातली म्हैस ओळखू येत नाही.

पारावर दोन पोरं "हलकी रायफल, हलकी रायफल" म्हणत होती. बातमी फिरली म्हणायची.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काडतूस न घालता नाल्याची चढण पळत चढले, बुधवारसारखी. वर खांद्याला लावली आणि खालच्या बांधावरच्या धोंड्यावर नेम धरला. चार वेळा. चारही वेळा चापाला बोट लागलं की नळी खाली. सावकाश चढून पाहिलं तर कमी, पण आहेच.

चाचांना फोन लावला. मला भांडायचं होतं, की तुम्ही जोरात का नाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जनावर सापडलं का?" नाही म्हटलं, आणि आता काय करू ते विचारलं. मग त्यांनी सांगितलं तसं केलं. दस्त्याचं टोपण खोललं, मासेवाल्याच्या जाळ्याचे शिशाचे मणी फडक्यात बांधून पोकळीत कोंबले, हलू नयेत म्हणून वर कापूस. हे काटा धरून उभे. तीनशे चाळीस ग्रॅम परत आत गेले. बोटांवर तोलली, मधोमध थांबली.

आता पिशवी. बाटली ह्यांनी काढून ठेवली. बॅटरी नको, उजाडल्यावरच जायचं. फाइल वनरक्षकानं उचलावी, त्यालाच हवी असते. मी फक्त रायफल उचलणार. एवढी साधी गोष्ट पंधरा दिवसांपूर्वी डोक्यात आली नाही, कारण ती सांगणारा पुरुष होता.

१३ सप्टेंबर

कमलच्या मक्याच्या कडेला वाळलेलं रक्त, आणि काल रात्री मोडलेली ताटं. ताजी. म्हणजे जिवंत आहे आणि दगडाच्या अलीकडंच आहे. तीन पायांवर चार दिवस.

दादांचा मेसेज: रविवारी मी येतो, रायफल माझ्या हातात दे. उत्तर दिलं नाही. परवाना ज्याचा, नेम त्याचा, आणि ही घाणही त्याचीच. उद्या परवानगीचा शेवटचा दिवस.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६ वा.

वनरक्षक आला, एक माणूस घेऊन. फाइल त्याच्या हातात दिली, त्यानं घेतली. दादा अजून आले नाहीत, थांबणार नाही. सावकाश चढायचं, श्वास बसेपर्यंत रायफल खांद्याला लावायची नाही, हे हातावर पेनानं लिहिलंय शाळेतल्या पोरीसारखं. काडतुसं तीन.

चपला घालताना पाहिलं तर कमल दारात. विळा हातात, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. तिला म्हटलं तू घरी थांब, आत काय होईल सांगता येत नाही. हलली नाही.

"रान माझं हाये ताई. डुक्कर तुमचं."

तिला मागं चालायला सांगितलंय, वीस पावलं. निघतो आम्ही.