पाचवं सोंग

लँटर्न कोव्ह, न्यूफाउंडलंड
२ जुलै, सकाळ (असावी, धुक्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही)

ती. मेल्विनाताईस,

धाकट्या हेडलीचा नमस्कार. तो पोचेपर्यंत दमट झालेला असेल, तर त्याला तुझ्या अल्बर्टातलं कोरडं ऊन जरा दाखव. तुझा गुडघा कसा आहे? गार्लंड भावजींची पाठ सरळ झाली का? इकडे सगळं ठीक. आई चौऱ्याऐंशीची झाली तरी चहा तीच करते, करून तीच विसरते आणि गार का झाला म्हणून मलाच फैलावर घेते. फोन न करता पत्र का लिहितोय, तर फोन आईच्या खुर्चीला लागून आहे आणि आईचे कान अजून पंचविशीत आहेत. पत्राला कारण तसं काहीच नाही. (असं लिहिलं की बाबा म्हणायचे, झालं, आता पुढची चार पानं कारण.)

यंदा आपल्या गावाचं 'घरी या' वर्ष आहे, त्याचं आमंत्रण तुला मिळालंच असेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या सगळ्यांनी परत यायचं, आठ दिवस जेवायचं, नाचायचं, रडायचं आणि पुन्हा जायचं. त्यासाठी चर्चच्या हॉलमध्ये एक भिंत केली आहे. प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा एक फोटो, खाली नाव. फोटो काढायचं काम ट्रूडी कीपिंगनं माझ्या गळ्यात घातलं. (पोस्ट आणि समिती दोन्ही तिच्याच हातात, त्यामुळे नाही म्हणावं तर पत्रं यायची बंद होतील अशी भीती.) ती म्हणाली, "तसाही तू दिवसभर नुसता बघत उभा असतोस, हेडली. हातात कॅमेरा असला तर लोकांना वाटेल काम करतोयस."

तिचं चुकलं नाही, पण अडचण तिथंच आहे. कॅमेऱ्यातून जग इतकं नीटनेटकं दिसतं, की मी ते बघत राहतो आणि बटण दाबायचं राहून जातं. जूनमध्ये बंदराच्या तोंडाशी एक हिमनग आला होता. ट्रूडी म्हणाली, माझा फोटो त्याच्यासकटच हवा. ती केस सारखे करत होती आणि मागून तो हिमनग सावकाश, अगदी झोपेत कूस बदलावी तसा, सरकत होता. आतून निळा होता, ताई. मी त्याच्याबरोबर हळूहळू वळत गेलो. फोटो अप्रतिम आला. संपूर्ण हिमनग आणि कडेला ट्रूडीचा एक कान. ती चार दिवस बोलली नाही, आणि आपलं विजेचं बिल आठवडाभर उशिरा आलं.

अँब्रोजकाकांची तऱ्हा वेगळी. कॅमेऱ्यापुढे उभे राहिले आणि दोन्ही हात ताणून पसरले. मी विचारलं, काका, हे काय? तर म्हणे, "मासा." मी म्हटलं, मासा कुठाय? "सुटला ना तो! एक्क्याऐंशी साली. मासा नाही तर नाही, माप तरी राहू दे." आता एवढं माप चौकटीत कसं मावणार? फोटोत डावा पंजा कापला गेला. ते बघून काका इतके खिन्न झाले, की चहाचा कप तसाच ठेवून उठले. "सरकारनं बत्तीस वर्षं मासेमारी बंद ठेवली तेव्हा जेवढं नुकसान झालं नाही, तेवढं तू एका मिनिटात केलंस," असं म्हणाले. शेवटी पार मागं जाऊन, धक्क्यावरून पाण्यात पडायच्या बेतात असताना, मी अख्खा मासा मिळवला. काका त्यात कोंबडीएवढे दिसतात, पण खूश आहेत.

अशी एकोणीस घरं झाली. भिंतीवर एकच जागा रिकामी राहिली, आपली. तुला आई माहीत आहे. सबंध बिस्किटाचा डबा फोटोंनी भरलाय, पण त्यात आई म्हणजे एक कोपर, एक पाठ आणि चेहऱ्यापुढे धरलेले नाना प्रकारचे तळहात. मी पहिल्या दिवशी तिला खिडकीशी गाठलं, तर तिनं पावाचा साचा तोंडापुढे धरला. दुसऱ्या दिवशी किटलीचं झाकण काढलं आणि वाफेत अंतर्धान पावली. "तोंड दाखवायचं ते दारात आलेल्याला, माझ्या राजा. भिंतीवर कसलं लावायचं?" ट्रूडी समजवायला आली तर तिलाही तेच ऐकवलं, "चहा घे माझे राणी, आणि जा."

एकदा मात्र जमत आलं होतं. मागच्या अंगणात ती चादरी वाळत घालत होती. (धुक्यात चादरी वाळत घालणं याला ती श्रद्धा म्हणते.) धुकं पांढरं, चादरी पांढऱ्या, आणि मधूनच जरासा उजेड आला की चादरीवर तिची आकृती उमटायची, हात वर केलेले, तोंडात चिमटा. मग पुसली जायची. पुन्हा पुढच्या चादरीवर. खाली समुद्राचा आवाज होता पण समुद्र नव्हता. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो आणि मला वाटत होतं, मी सहा वर्षांचा आहे, तू शाळेतून यायची आहेस, बाबा होडीवर आहेत आणि कुणीही कुठंही गेलेलं नाही. मग आई रिकामी टोपली घेऊन आत गेली. बटण दाबायचं राहिलं हे मला जेवताना आठवलं.

मग मी तो डबाच तिच्या पुढ्यात उपडा केला. म्हटलं, जुन्यातलाच एखादा काढून दे, एवढ्यात एक नाक तरी असेल. तर तिनं उचलला नाताळातला तो फोटो. आठवतोय ना? तू सतराची होतीस. नाताळच्या सोंगांचा जथा आपल्या स्वयंपाकघरात शिरला होता. पाच जण, तोंडावर पडदे, पाठीला उशा, बायकांनी पुरुषांचे कपडे घातलेले आणि पुरुषांनी बायकांचे, आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून सगळे श्वास आत ओढत बोलणारे. (मी बाकाखाली होतो. घाबरून नव्हे, तिथून बूट नीट दिसतात म्हणून.) तू चौघांना पटापट ओळखलंस आणि त्यांना पडदे काढावे लागले. पाचवं सोंग काही ओळखता आलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते पडदा न काढताच निघून गेलं. अल्बर्टात गेल्यापासून दर नाताळला तू फोनवर विचारतेस, पाचवं कोण होतं रे?

आईनं त्या पाचव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही मी."

मी म्हटलं, तू तर डोकं दुखतंय म्हणून शेजारी जाऊन पडली होतीस!

"तेही सोंगच. माझ्याच चुलीपुढे उभं राहून माझ्याच हातचा केक पडद्याखालून खाल्ला, आणि पोटच्या पोरीनं मला विचारलं, 'तुम्ही पलीकडच्या गावचे का हो?'"

आणि बाबा? बाबांनाही कळलं नाही?

"पायात त्यांचेच तर बूट होते. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. त्यांनी खाली बघितलं, गालातल्या गालात हसले आणि उठून कॅमेरा आणला."

ताई, एकेचाळीस वर्षं हिनं हे पोटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आई चुलीशी बसलेली, डोक्यावरून खिडकीचा जाळीचा पडदा सोडलेला, पाठीला उशी, पायात बाबांचे बूट, उलटे. "काढ आता," म्हणाली. नेमकी ट्रूडी टपाल घेऊन आली आणि किंचाळली, "एफीकाकू, भिंतीवर चेहरा हवाय, पडदा नको!" आई श्वास आत ओढत म्हणाली, "मग ओळख मी कोण." "अहो, आत्ताच नाही का ओळखलं!" "तुझं ओळखणं चालायचं नाही, माझे राणी. तेव्हा जिनं ओळखलं नाही, तिनं येऊन ओळखायचं. तोवर पडदा निघणार नाही."

या वेळी मी बटण वेळेवर दाबलं. तो फोटो आता भिंतीवर आहे, अँब्रोजकाकांच्या माशाशेजारी, खाली 'एफी पार्डी'. लोक येतात, बघतात आणि म्हणतात, हुबेहूब.

तर हे असं आहे. तुला यायला जमणार नाही हे मी जाणतो. गुडघा, भावजींची पाठ, लांबचा प्रवास, आणि नऊ वर्षांत मोडलेली घरी यायची सवय. माझा अजिबात आग्रह नाही. भिंतीवर एक सोंग राहिलं म्हणून काय बिघडतं? भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुला इथलं थोडं धुकं, पुरवून वापर.

तुझा भाऊ,
हेडली

ता. क. आग्रह नाही हे सभ्यपणा म्हणून लिहिलं. ये.

ता. क. दुसरा. हे वर लिहायला धीर झाला नाही. आपल्याकडे सगळेच सगळ्यांना 'माझ्या राजा' म्हणतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पण हल्ली आई कुणालाच नावानं हाक मारत नाही. मला कॅमेऱ्यातून बघत बसायची सवय लागली, म्हणून दिसलं. कुणी दारात आलं की ती आधी त्याच्या बुटांकडे बघते, मग हातांकडे, मग चालीकडे, सोंगं आल्यावर बघावं तसं. आणि मग हसून म्हणते, ये माझ्या राजा. मंगळवारी मी आत आलो, तर तिनं माझ्याही बुटांकडे बघितलं. ओळखल्याचं सोंग आणते, ताई, आणि ते इतकं बेमालूम आणते, की अजून कुणी तिला पकडलेलं नाही. मला भीती वाटते. पुढच्या वर्षी बुटांवरूनही नाही जमलं तर? या ऑगस्टमध्येच ये.

ता. क. तिसरा. हे पेन्सिलीनं लिहिणारी मी आहे. हा पोरगा लिफाफा आणायला गेला तो फाटकापाशी धुकं बघत उभा राहिलाय, अर्धाच दिसतोय. पत्र मी वाचलं. फार पाल्हाळ लावतो हेडली. (नाव वरच्या सहीवरून उतरवलं, त्याला सांगू नकोस.) तू ये. दारात मी बुटांकडे बघत बसले तर मनाला लावून घेऊ नकोस आणि रडू तर मुळीच नकोस. तू आधी मला ओळख. मोठ्यानं 'आई' म्हण. मला आई म्हणणारे जगात दोघंच, आणि एक तर तो फाटकापाशी आहे. म्हणजे दुसरी तूच असणार. मग मी पडदा काढीन.

ओळख पाहू मी कोण.