मालतीच्या पानाचा फॉन्ट

२९ ऑक्टो. ९९, शुक्र.
दिवसभर कॉलेजच्या लॅबमध्ये. वेबसाइटची सगळी पानं एकसारखी दिसावीत म्हणून सगळ्यांना एकच स्टाइलची फाइल जोडली. नियम साधा : प्रत्येक परिच्छेद इंग्रजी फॉन्टमध्ये. बाकीची पानं ठीक. मालतीचं पान उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. भंडारदऱ्याच्या वनस्पतींवरचा तिचा लेख; ती इथंच वनस्पतिशास्त्र शिकवायची. गेल्या वर्षी याच लॅबमध्ये बसून तिनं मराठीत टाइप केला होता. जुलैत ती गेली. मजकूर तोच आहे, फॉन्ट तेवढा बदललाय; मराठी फॉन्टमध्ये याच चिन्हांची मराठी अक्षरं होतात, हे कळतं. तरी बघवेना. मॉनिटर बंद केला.
बुधवारी वेबसाइटची फ्लॉपी पुण्याला जाणार, तिथून ती इंटरनेटवर चढणार. प्राचार्य म्हणाले, तोवर नीट झालं नाही तर हे पान वगळू.

३० ऑक्टो., शनि.
संगणक शिकवणाऱ्या शेख सरांना विचारलं, सगळे परिच्छेद, फक्त मालतीचे सोडून, असं लिहिता येतं का.
"'सोडून' म्हणायची सोयच नाही त्यात. पुढे येईल म्हणतात. तोवर आपलं आपण बघायचं."
घरी येण्याआधी तिच्या अख्ख्या लेखाभोवती एक चौकट घातली आणि चौकटीला मराठी फॉन्ट दिला. फरक शून्य. कारण कळत नाही.

३१ ऑक्टो., रवि.
आई कर्जतहून आली. "औंदा घरात कढई चढवायची न्हाई."
नमूचं काय, विचारलं. मालती गेल्यावरची लेकीची पहिली दिवाळी, आईविना.
"शेजारून येईल ते खाऊ दे की. लेकराला कुनी नको म्हनलं?"
हायसं वाटलं. विचारायचा धीर होत नव्हता. शेजारच्या गायकवाड वहिनींनी फराळाचं आधीच सांगून ठेवलंय.

१ नोव्हें., सोम.
शे. सरांनी बघितलं आणि हसले. "अहो, तुम्ही चौकटीला सांगितलंत. आतल्यांना कोण सांगणार? नियम प्रत्येक परिच्छेदाला थेट लागलाय. तो चौकटीचं कशाला ऐकेल?"
'या चौकटीच्या आतले परिच्छेद' असा वेगळा नियम लिहिला. मराठी आलं. पहिला शब्द हिरडा. सर उठून उगाच खिडकी उघडत बसले.
पण परिच्छेदांतली तिरपी लॅटिन नावंही मराठी फॉन्टमध्ये गेली. अर्थ नसलेले काने, मात्रा, वेलांट्या.
"आता आतल्याच्या आतलं," सर म्हणाले. "मालती मॅडम अजून तपासतायत आपलं काम."

२ नोव्हें., मंगळ.
तिरप्या अक्षरांना पुन्हा इंग्रजी फॉन्ट, फक्त त्या चौकटीत. जमलं. वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. प्राचार्य म्हणाले, "राहू द्या हे पान." एवढंच.
दुपारी चांगली भूक लागली. बऱ्याच दिवसांनी.

३ नोव्हें., बुध.
फ्लॉपी गेली. ज्यांच्या मशीनवर हा मराठी फॉन्टच नाही, त्यांना पुन्हा तीच अक्षरं आणि टक्के दिसणार. फॉन्ट उतरवून घ्यायची सोय ठेवलीये. कोण घेईल, कोण नाही…
संध्याकाळी आई नमूला घेऊन वहिनींकडे गेली. दोरीवरचे कपडे वाळले होते. काढले, घड्या घातल्या, कपाटात ठेवले.