गुलाबी मक्याचा चारा

नागपूर, सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. भूपेश यास अ. उ. आ.

तू पाठवलेली दोन कोंबडी तुझ्या भाच्याने, वैभवने काल सोलली, तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या खाद्याच्या पिशवीत मक्याची गुलाबी टरफलं निघाली. म्हणून हे पत्र. फोनवर तू विषय हसण्यावारी नेतोस.

कोंबडी शिजवली नाहीत, पुरली. ट्रेमध्ये मातीवाचून मक्याचे अंकुर वाढव आणि खाद्यात थोडे मिसळ, हे मीच तुला सुचवलं होतं. खायचा मका घे, हेही सांगितलं होतं. हा कुठून आणलास? शेडमध्ये पक्षी मरताहेत का? खरं लिही. उत्तर वैभवच्याच हाती दे.

मामीच्या हातचा म्हणून ऋतुजाचा चिवडा वैभवने एकट्याने संपवला.

माया आहेच,
भारतीताई

उमरेड, मंगळवार, १३ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

काहून एवढी घाबरून राहिली वं ताई? पेरणीतून उरलेलं बियाणं होतं. फेकून द्यायचं का? रंग मले दिसला होता. ऋतुजानं अन् मी तीन पाण्यात धुतला, बाबा सूत धुवायचे तसा, पाणी नितळ येईपर्यंत. कोष्ट्याच्या पोराले रंग धुवायचं नको शिकवू.

चार पक्षी मेले, पण थंडीच तशी आहे. बाकी आठशे ठणठणीत. गुरुवारी सकाळी व्यापाऱ्याची गाडी येते. लग्नाचं जेवण आहे, मी शब्द दिला. ऋतुजा म्हणते, ताईनं शाळा सोडली, छडी नाही सोडली.

रागावली तरी लोभ कमी नको करू,
भूपेश

नागपूर, बुधवार, १४ जानेवारी

चि. भूपेश यास आशीर्वाद.

बुरशीचं औषध चोळलेलं बियाणं कुणी खाऊ नये, म्हणून ते रंगवतात. सूत आपण नेसतो, खात नाही. दाणा भिजवला की तो पाणी आत ओढतो. तू खूण तेवढी पुसलीस, तीही पुरती नाही. औषध किती उरलं, हे तुला कळत नाही आणि मलाही नाही. गोणीवरची चिठ्ठी वाच, ऋतुजाला ऐकू जाईल अशी.

लग्नात पहिल्या पंगतीला पोरं बसतात. गाडी रिकामी परत पाठव आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलाव. शब्द मोडला म्हणून लोक चार दिवस बोलतील. तू नाही बोलावलंस, तर मी त्यांना फोन करून तुझं नाव सांगेन. भाऊ म्हणून थांबणार नाही. चारा मी सुचवला, तेही सांगेन.

तुझ्या उत्तरापर्यंत चैन नाही,
भारतीताई

उमरेड, गुरुवार, १५ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

चिठ्ठी ऋतुजानंच वाचली. चाऱ्यासाठी वापरू नये, असं लिहिलेलं होतं. मग तिनं ती पुन्हा वाचली, मोठ्यानं.

गाडी आली तवा शेडले कुलूप घालून मी दारात उभा होतो. व्यापारी नाही नाही ते बोलला. म्हणाला, ताटात पडल्यावर कोणाले कळते? मले कळते, म्हटलं. गाडी रिकामीच वळली. आत पक्षी ओरडून राहिले होते.

दुपारी डॉक्टर आले. तपासणी होईपर्यंत एकही पक्षी हलवायचा नाही, म्हणाले. तुझं नाव मी नाही घेतलं. बियाणं मी निवडलं होतं. त्यांनी कागद लिहून घेतला, तो तुझ्यासाठी उतरवतो.

जवळ कर अगर दूर,
भूपेश

डॉक्टरांच्या हवाली केले:
मेलेले पक्षी, सहा (नवे दोन धरून).
जिवंत पक्षी, दोन.
अंकुरांचा ट्रे, एक.
मक्याची गोणी चिठ्ठीसकट, एक.
व्यापाऱ्याच्या हवाली: काही नाही.