कॅमेरा ऑफलाइन का दिसतोय?

रविवार, ९ जून

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत, तुम्ही सगळेही बरे असाल असं धरून चालते. तुझ्या बायकोला आणि पिल्लांना माझी आठवण सांग. पंचेचाळिशीतल्या माणसाला टिल्लू लिहिते म्हणून रागावू नकोस, दुसरं काही हातातून उमटतच नाही.

पाकीट बघून दचकला असशील. कुणाला काही झालेलं नाही. सोबतच्या कागदावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलाय, तो ईमेलने किंवा मेसेजने पाठवायचा नाही असं मला बजावलंय, म्हणून ही पोस्टाची वाट. आणि खरं सांगू? फोनवर तुझं "बरं, बरं, पुढे?" ऐकत एवढं सगळं सांगणं मला जमलं नसतं.

"कॅमेरा ऑफलाइन का दिसतोय?" हा तुझा मेसेज हल्ली रोज येतो. मी "बिघडलाय" कळवून गप्प बसते. तो बिघडला नव्हता. मी त्याची वायर उपटून कपाटात ठेवली होती.

आता तो चालू आहे, पण पूर्वीसारखा दिसणार नाही. आधी फोनवर व्हीपीएनचं ॲप घे, त्यात हा चौकोन कॅमेऱ्यासमोर धर, आणि मग ते सुरू करून बाबांची खोली उघड. ही किल्ली फक्त तुझ्या फोनची आहे, माझी वेगळी. काम झालं की चौकोनाचा कागद फाडून टाक.

हे मी स्वतः केलंय, यावर तुझा विश्वास बसणार नाही. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना आम्ही पासवर्डमामा म्हणतो, कारण समोर येईल त्याला ते "बदललात का?" एवढंच विचारतात. त्यांना घरी बोलावलं. राउटरचं पान उघडून त्यांनी एक ओळ दाखवली. म्हणाले, "हे भगदाड कुणी ठेवलं?"

"भावाने. गाडी पकडायची होती त्याला, घाईत होता."

तुला कुठूनही बघता यावं म्हणून तू कॅमेऱ्यासाठी जी वाट उघडी ठेवली होतीस, ती साऱ्या जगाला उघडी होती. कॅमेऱ्याचा पासवर्डही कारखान्यातून आलेला तोच. मामांनी ते भगदाड बुजवलं, राउटरचं सॉफ्टवेअर नवं केलं, वाय-फायचा पासवर्ड बदलला, आणि कॅमेऱ्याला घरातल्या बाकी यंत्रांपासून वेगळं काढलं. आता बाहेरून घरात यायची एकच वाट, ती व्हीपीएनची, तीही बंद नळीसारखी, आणि किल्ली असेल त्यालाच ती सापडते.

ती वाट तयार करायचं काम मामांनी माझ्यावर सोपवलं. "तुम्हालाच सांभाळायचंय, तर तुम्हीच करा." मी केलं. मग फोनचं वाय-फाय बंद करून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत चालत जायचं आणि तिथून बाबांची खोली दिसते का बघायचं. दिसेना. परत यायचं, पुन्हा सगळं तपासायचं, पुन्हा चालत जायचं. दुकानदाराला वाटलं असेल, बाईंना डोकेदुखीची गोळी मागायची लाज वाटतेय. शेवटी चूक सापडली: किल्लीतली अक्षरं हाताने भरताना इंग्रजी मोठ्या आयच्या जागी मी छोटा एल टाकला होता. दिवसभर पेशंटकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेणारी मी! हसू आलं, आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून थोडं रडूही आलं. दमलं की असं होतं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी ते लिहिते. टाळत होते, हे तुला एव्हाना कळलं असेलच.

बाबांना सांभाळणाऱ्या मावशी त्यांना जेवायला घालून दुपारी जातात, आणि मी येईपर्यंत ते एकटे असतात. म्हणून तर तू कॅमेरा बसवलास. एप्रिलमध्ये एक दिवस मावशी म्हणाल्या, "तुमचे भाऊ किती गोड बोलतात हो! मी निघताना रोज त्यांचा आवाज येतो त्या डबीतून. आधी बाबांची चौकशी, मग गप्पा."

मला इतकं बरं वाटलं, टिल्लू. बाबाही खुलले होते. दुपारी केस विंचरून खुर्चीत बसायचे. मी तुला मेसेज केला होता, आठवतं? "बाबांसाठी वेळ काढतोस, फार बरं वाटलं." तू अंगठ्याचं चित्र पाठवलंस. कशाबद्दल म्हणते, एवढंही विचारलं नाहीस.

मग एके दिवशी दवाखान्यातली वीज गेली आणि मी लवकर घरी आले. चपला काढत होते तेवढ्यात बाबांच्या खोलीतून आवाज आला, "ताई किती वाजता येते, बाबा? आणि मागच्या दाराला कुलूप कसलं आहे?"

आवाज मऊ होता, आर्जवी. तुझा नव्हता.

बाबा उत्तर देत होते. आयुष्यभर जमिनींची मोजणी केलेला माणूस, त्यांनी मागच्या दारापासून कपाटापर्यंतचा नकाशा असा चोख सांगितला, की डोळे मिटून चालत यावं. स्वतःचं नाव त्यांना कधी आठवतं, कधी नाही. घर अजून पक्कं आठवतं. जास्तीची किल्ली मीटरच्या पेटीत असते, तेही सांगून झालं.

मी दारात उभी राहून विचारलं, "कोण बोलतंय?"

कॅमेऱ्यावरचा हिरवा ठिपका विझला. बाबा म्हणाले, "अगं, टिल्लू आहे. त्याला बोलू दे ना."

मी वायर उपटली आणि तुला फोन लावला. "तू आत्ता बाबांशी बोललास का?" तू म्हणालास, "नाही गं, गाडी चालवतोय. का?" मी म्हटलं, "काही नाही, सहज."

दोन्ही दारांची कुलपं बदलली. पोलिसांत जाऊन आले, त्यांनी सगळं लिहून घेतलं. घरातलं काही गेलेलं नाही. नंतर मावशींकडून कळलं, पहिल्या दिवशी आवाज आला तेव्हा बाबांनीच विचारलं होतं, "टिल्लू का रे?" आणि तो म्हणाला, "हो बाबा, टिल्लूच." नावही आपणच पुरवलं.

तो माणूस चोर असेल, आणखी काही असेल. पण जेवलात का, झोप लागली का, गुडघा कसा आहे, हे त्याने रोज विचारलं. पोटात पाप ठेवून विचारलं, तरी विचारलं. कॅमेऱ्यातून बोलता येतं हे तुलाही ठाऊक होतं. डबीवरचं ते बटण तूच मला दाखवलं होतंस.

मी तुला दोष द्यायला बसलेले नाही. तुझी नोकरी, मुलांच्या परीक्षा, सगळं दिसतं मला. पण यापुढचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

आवाज बंद झाल्यापासून बाबा दुपारी जेवेनासे झाले. ताट समोर तसंच. "टिल्लू रागावला का? मी काही लागेल असं बोललो का त्याला?" एवढंच विचारत राहतात. तो टिल्लू नव्हता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

गेल्या बुधवारी मावशींचा फोन आला, आजही घास नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते. मी तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत दार लावून बसले, व्हीपीएन सुरू केलं आणि बाबांची खोली उघडली. ते खुर्चीत होते, नजर कॅमेऱ्याकडे. मी आवाज जाड केला, तुझ्यासारखा, आणि म्हटलं, "बाबा, टिल्लू बोलतोय. जेवून घ्या."

ते खुर्चीतून पुढे वाकले. मग म्हणाले, "बाळ, तुझा घसा बसलाय. गरम पाण्याच्या गुळण्या कर."

मी बोलायचं बटण पुन्हा दाबलं.

"त्याला वेळ नसेल तर राहू दे," ते म्हणाले. "तू कशाला त्रास घेतेस?" आणि मावशींना हाक मारून ताट मागितलं. जेवले. माझ्यासाठी जेवले, टिल्लू. ज्या माणसाला सकाळी मी कोण ते सांगावं लागतं, त्याने माझा खोटा आवाज ओळखला आणि माझी कीव केली.

त्या दिवशी मी तीन पेशंटना चष्म्याचे चुकीचे नंबर लिहून दिले आणि तिघांनाही परत बोलवावं लागलं.

किल्ली पाठवतेय, तो तुझा हक्क आहे. हवं तेव्हा बघ, बोल. पण माझं मागणं वेगळं आहे. या महिनाअखेरीस पंधरा दिवस इथे येऊन राहा. एकटा ये. मला कुठेतरी जाऊन नुसतं झोपायचंय. मावशींना मी सगळं समजावून ठेवीन, तुला अवघड काही पडणार नाही. फक्त त्यांच्या समोर बसायचं आणि ते सांगतील ते ऐकायचं.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. आला नाहीस, तर त्यांना काही कळायचं नाही.

मला कळेल.

तुझी,
ताई