सिद्धूचा गुडघा आणि माझा पूर्वपक्ष

मंगळवार, १२ ऑगस्ट

खेळाडू हा कामगार आहे की नाही? — कामगार कायदा शिकवताना हा प्रश्न मी आजवर केवळ उदाहरणादाखल विचारत आले. आज तो माझ्यासमोर कुबड्या घेऊन बसला होता!

रुक्सार, माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, मला साताऱ्याहून सांगलीला घेऊन गेली. तिचा भाऊ शाहनवाज तिथल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा कर्णधार. त्यांच्या माधवनगरच्या घरी सगळा संघ जमला होता. मधोमध सिद्धू — आटपाडीकडचा, मेंढपाळांच्या घरातला, बचावफळीत खेळणारा. सरावात गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. क्लब म्हणतो, सामन्यातली दुखापत आमची, सरावातली ज्याची त्याची. करार संपवल्याची नोटीस, वसतिगृह सोडण्याचा हुकूम.

तो वसतिगृहाच्या पायऱ्या बसत, घसरत उतरत असताना शाहनवाजने व्हिडिओ काढला. सिद्धू ओक्साबोक्शी रडतो आहे, आईला हाका मारतो आहे. तो व्हिडिओ आता महाराष्ट्रभर पोचला. संघाने सराव बंद केला. क्लबने शाहनवाजवरही बदनामीचे कलम लावले. लीगच्या तक्रार समितीपुढे सुनावणी व्हायची आहे.

"मॅडम, आमी माणसं हाय का मशीन, तेवढं सांगा," शाहनवाज म्हणाला.

सांगितले की! फळा नव्हता, म्हणून जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर आकृत्या काढून सांगितले. किती दिवसांनी इतके मन लावून ऐकणारा वर्ग मिळाला! सिद्धूचे म्हणणे मात्र एकच — "बाई, मला परत खेळायचं हाय. बाकी कायबी न्हाई."

गुरुवार, १४ ऑगस्ट

रुक्सारच्या आग्रहाने तेच विवेचन कॅमेऱ्यासमोर केले. पद्धत माझी नेहमीची — आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच तोंडून, त्याच्याहूनही समर्थपणे मांडायचे. त्यानंतर एकेक वीट काढायची. दुबळा करून पाडलेला विरोधक हा पाडलेला विरोधकच नव्हे! म्हणून मी खुर्चीत रेलून क्लबमालक झाले आणि बोलले. मग उभी राहून खेळाडूंची बाजू मांडली.

रुक्सार म्हणाली, "मॅडम, एवढं लांब कोण बघणार? दोन भाग करू या."

तर्काला धरूनच होते. हो म्हटले.

मानसिंग चहा पिता पिता म्हणाले, "दुसरा भाग आधी टाक की."

मला हसू आले. प्रश्नाआधी उत्तर! इतकी वर्षे माझ्याशी संसार करूनही नवऱ्याला एवढे कळू नये?

रविवार, १७ ऑगस्ट

अनर्थ.

पहिल्या भागातला एक तुकडा कुणीतरी कापून सोडला. खुर्चीत रेललेली मी, खाली माझे नाव आणि पदवी. "सराव म्हणजे खेळाडूने स्वतःचे शरीर घडवणे. पोरगा पडला, तर त्याचा भुर्दंड मी का सोसावा?" — उच्चार स्पष्ट, युक्तिवाद निर्दोष. दुसरा भाग बहुधा आमच्या नातेवाइकांनीच पाहिला. मानसिंगनी दोनदा.

खालचे अभिप्राय वाचू नयेत, असे ठरवून सगळे वाचले. "बाई क्लबची हाय." "खुर्ची बघा, आवाज बघा!" "हिला बॉल गोल असतोय एवढं तरी ठावं हाय का?"

सोमवार, १८ ऑगस्ट

खुलासा केला. मुद्देसूद, शांतपणे. सुरुवातच प्रामाणिक — "होय, ते शब्द माझेच आहेत. परंतु —"

संध्याकाळपर्यंत त्याचाही तुकडा फिरू लागला. 'परंतु'च्या अलीकडे कापलेला!

बुधवार, २० ऑगस्ट

दोघे खेळाडू सरावाला परतले — पप्पू आणि विश्वजीत. "कायद्याच्या बाईच म्हणत्यात आपलं चुकतंय, मग उगं कशाला?" असे शाहनवाजला सांगून गेले. आणखी दोघे डळमळीत. क्लबला हेच हवे होते. संघ फुटला, की सुनावणीत सिद्धू एकटा पडणार. करार गेला, तर शस्त्रक्रियाही गेली. ती वेळेत झाली नाही, तर पुन्हा खेळणे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

शाहनवाजचा फोन. रागावला असता, तर बरे वाटले असते.

"मॅडम, तुमी आता काय बोलू नका. लय उपकार होतील."



शुक्रवार, २२ ऑगस्ट

वर्गात मागच्या बाकांवर हसू दाबले जात होते. आयुष्यात पहिल्यांदाच पूर्वपक्ष न मांडता थेट निष्कर्ष सांगितला. तास अर्धा उरला.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. आज पोळ्या लाटता लाटता आमच्या स्वयंपाकाच्या हरणाबाई म्हणाल्या, "आवं बाई, तुमी मोबाईलमधी दिसला! त्या लंगड्या पोराला हाकला म्हणला म्हणं?"

समजावून सांगितले. पूर्वपक्ष म्हणजे काय, तो का मांडतात, नंतर काय होते. त्या समजून घेत आहेत, असे वाटले.

"बरं, मग हाकलू नका म्हणला व्हय? तसंच म्हणायचं की आदी!"

मानसिंग आतल्या खोलीत इतके हसले, की ठसका लागला. मला हसता आले नाही. माझ्या एका पद्धतीपायी एका मुलाचा पाय जाणार काय?

सोमवार, १ सप्टेंबर

उद्या सुनावणी. दुसरे कुणी उभे राहायला तयार नाही, म्हणून शाहनवाजने शेवटी मलाच बाजू मांडायला सांगितले. मुद्दे तयार आहेत. भीती जात नाही. त्यांचा वकील माझाच तुकडा दाखवणार, हे नक्की.

दुपारी सिद्धूचा फोन. "बाई, उद्या माझा त्यो व्हिडिओ लावणार व्हय तितं? समद्यांम्होरं?"

"अवश्य! तोच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे." तो का भक्कम, हेही सविस्तर सांगितले.

"बरं," म्हणाला.

मंगळवार, २ सप्टेंबर

जिंकलो! जिंकलो!

क्रमाने लिहिते. सांगलीतल्या एका हॉटेलचे सभागृह. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. क्लबच्या वकिलांनी सुरुवातच माझ्या तुकड्याने केली. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले — "बाई, हे आपणच?"

"होय, महोदय. हा पूर्वपक्ष. उत्तरपक्ष लोकांनी पाहिला नाही, आपण ऐकावा."

मी क्लबचीच नियमावली वाचली. सरावाला न आल्यास दंड, उशिरा आल्यास दंड, वजन वाढल्यास दंड. "जिथे गैरहजेरीला दंड आहे, तिथे हजेरी हे काम आहे. कामावर झालेली इजा ज्याची त्याची कशी?" वकिलांनी पाणी मागवले.

मग सिद्धूचा व्हिडिओ लावला. एका सदस्यांनी डोळे टिपले. सिद्धू पूर्ण वेळ जमिनीकडे पाहत होता.

निकाल — करार मोसम संपेपर्यंत कायम, शस्त्रक्रिया क्लबने करायची, शाहनवाजवर कारवाई नाही. बाहेर पोरांनी मला जवळजवळ उचललेच! पप्पू आणि विश्वजीतही आले होते, मान खाली घालून. शाहनवाजने त्यांच्या पाठीत धपाटे घातले आणि मला म्हणाला, "मॅडम, भाग दोन हिट झाला!"

शनिवार, ६ सप्टेंबर

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मानसिंगनी न सांगता कंदी पेढे आणले.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सिद्धू पळू लागला! शाहनवाजने कळवले. या खटल्यावर आता वर्गात पूर्ण तास घेते — पूर्वपक्षासह.

बुधवार, १० जून

मोसम संपला, करारही संपला. सिद्धूने नव्या क्लबांच्या निवड चाचण्या दिल्या. कुठेही घेतले नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र स्वच्छ, वेग पूर्वीइतकाच. कारण सापडत नाही. वय, जागा, स्पर्धा — सगळे मुद्दे मांडून पाहिले. एकही टिकत नाही. रविवारी भेटायला बोलावले आहे.

रविवार, १४ जून

सिद्धू येऊन गेला. तो बोलला तसेच उतरवते.

"पळवत्यात, बॉल देत्यात, लय भारी म्हणत्यात. मग नाव इचारत्यात आन् मोबाईल काढत्यात. डाक्टर म्हणतोय बरा हाय, मोबाईल म्हणतोय न्हाई. एक जण म्हणला, आरं, तू त्यो 'आई आई' करणारा न्हवं का!"

शाहनवाजने व्हिडिओ केव्हाच काढून टाकला आहे, लोकांनी नाही. त्यावर कायदेशीर उपाय कोणते, ते मी सांगू लागले. मी थांबेपर्यंत तो थांबला.

"बाई, टाकायच्या आदी मला कुणी इचारलंच न्हाई. शाहनवाजनं न्हाई. तुमी लावला, तवा तुमी बी न्हाई."