साठ सेंटिमीटरची फट

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, याचंच मला बरं वाटतंय. घाबरू नकोस, कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे आणि गुडघे सोडले तर मीही. गेल्या एकोणीस वर्षांत मी तुला कधी काही विचारलं नाही, आज विचारतोय. कॉम्प्युटरवर साइट प्लॅन काढताना शेवटची रेघ पहिल्या रेघेला जाऊन मिळतच नसेल, तर माणसाने काय करायचं? हस. पोट धरून हस. तुझ्या मशीनला सगळ्या ऑफिससमोर ‘बिनहाताचा आरेखक’ म्हणणारा तुझा दादा आज माऊस मुठीत धरून बसलाय आणि त्याच्या डोक्यात काडीचाही उजेड पडत नाहीये.

झालं असं, की आपले थोरले साहेब आता फक्त सकाळी पेपर वाचायला ऑफिसात येतात. खुर्चीवर त्यांची मुलगी बसते. पोरगी कामाला चोख आहे, पण तिने आल्या आल्या सगळे ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले. माझाही. म्हणाली, काका, सगळ्यांनी कॉम्प्युटरचा क्लास करायचा, पहिली असाइनमेंट पास झाली की टेबल पक्कं. नाही जमलं तर रेकॉर्डच्या खोलीत जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या लावायला आहेत, तिथे बसा, वय बघता कोणी काही म्हणणार नाही. धाकट्या, ते ‘वय बघता’ मला फार लागलं रे. पस्तीस वर्षं ज्या हाताने रेघा मारल्या, त्या हाताने आता धूळ झटकायची? दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. तेवढं तरी टेबलाशी बसून काढायचं, असं मी ठरवलं आणि क्लासात नाव घातलं.

क्लास एका शिंप्याच्या दुकानावर आहे. खाली चार शिलाई मशिनी चालतात, त्यामुळे वर टेबलं थरथरतात. पहिले आठ दिवस माझी रेघ हलायची ती त्यामुळेच, असं मी सगळ्यांना सांगत होतो. माझ्या शेजारी एक प्लंबर बसतो. तो माझ्यापेक्षा गोंधळलेला आहे, म्हणून मला तो फार आवडतो. शिकवणाऱ्या मॅडम आपल्या भाचीच्या वयाच्या. काही अडलं की त्यांचं एकच औषध, काका, एस्केप दाबा. मी ते बटण इतकं दाबलंय की त्यावरची अक्षरं पुसली गेलीत.

पहिल्या आठवड्यात तर कहरच केला. आपली सवय तुला ठाऊक आहे, दोनशेच्या स्केलला काढायचं म्हणजे आधी मनात दोनशेने भागायचं. चाळीस मीटर म्हटले की हात आपोआप वीस सेंटिमीटरवर जातो. मी तसेच सगळे आकडे भागून भागून घातले. तासभर खपून मान वर केली, तर पडद्यावर काहीच नाही. मॅडम आल्या, प्लंबर आला, शेवटी पाण्याची बाटली भरायला निघालेली मुलगीही थांबली आणि सगळे मिळून माझा प्लॉट शोधायला लागले. मॅडमनी मोठं करत करत नेलं, तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यात मुंगीएवढा सापडला. मग त्यांनी समजावलं की इथे भागायचं नसतं. जमीन जेवढी आहे तेवढीच, खऱ्या मापाने काढायची आणि लहान करायचं ते कागदावर छापताना. पस्तीस वर्षांचा भागाकार एका वाक्यात वाया गेला. हे तू तेव्हा मला सांगितलं होतंस का रे? सांगितलं असशीलच. माझंच लक्ष नव्हतं.

मग लेयर नावाचं प्रकरण. एकावर एक ट्रेसिंग पेपर ठेवल्यासारखं आहे, हे मला चटकन समजलं आणि मी जरा ताठ बसलो. भिंती एका कागदावर, झाडं दुसऱ्यावर, रस्ता तिसऱ्यावर. पण मी सगळं एकाच कागदावर काढून ठेवलं होतं, त्यामुळे झाडं लपवायला गेलो तर अख्खी इमारत गायब. प्लंबर म्हणाला, कुठेतरी तुंबलं असेल. क्लासभर हशा पिकला. मीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. तुझ्या वहिनीने विचारलं तर मी म्हटलं, पोट ठीक नाही.

असाइनमेंट साधी आहे. ज्याची मोजमापं आपल्याकडे आहेत असा कुठलाही प्लॉट घ्यायचा आणि त्याचा साइट प्लॅन काढायचा. चार हद्दी, इमारत, फाटक, झाडं, रस्ता, उत्तर दिशेचा बाण, बस. मी ट्रंक उघडली आणि हाताला लागली ती पहिली मोजणीवही उचलली. उघडून बघतो तर दवाखान्याचा प्लॉट. हो, तोच, डाव्या भिंतीचा.

आता इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. हाताला लागली वगैरे सगळं खोटं आहे. मी ती वही शोधून काढली, अर्धी ट्रंक उपसून. कारण सांगतो, रागावू नकोस. एकोणीस वर्षं माझं एकच म्हणणं होतं, की माझी मोजणी बरोबर होती आणि घोळ केला तो तुझ्या मशीनने. भिंत शेजाऱ्याच्या जागेत साठ सेंटिमीटर घुसली, ती पाडावी लागली, साहेब लालबुंद होऊन ऑफिसच्या मधोमध उभे राहिले आणि हा प्लॅन कोणी काढला म्हणून ओरडले, तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवलं. कॉम्प्युटरवर त्याने काढलाय, त्याला विचारा, म्हटलं. आठ दिवसांनी तू राजीनामा दिलास आणि परगावी निघून गेलास. तू गप्प राहिलास म्हणजे चूक तुझीच, असं मी धरून चाललो. आता मशीन माझ्याच हाताखाली आलंय, तर माझेच आकडे घालून बघू, प्लॅन बरोबर येतो की नाही, अशी माझी खुमखुमी होती. म्हातारपणी माणसाला कसली हौस असावी बघ.

तर आकडे घातले, या वेळी न भागता. पुढची बाजू चाळीस मीटर, उजवी पंचावन्न, मागची चाळीस पूर्णांक सहा दशांश, डावी परत पंचावन्न. चारही कोपरे काटकोनात. पुढून सुरुवात करून गोल फिरून आलो, तर डावी रेघ पहिल्या कोपऱ्याला न मिळता त्याच्या बाहेरच येऊन थांबली. मध्ये फट. आत रंग भरायला गेलो तर मशीन म्हणालं, आकृती बंद नाही. मी म्हटलं, आकडा घालताना चुकलो असेन. पुसलं, परत काढलं. परत तेच. तीन दिवस मी तेच करत होतो. प्लंबरचा प्लॅन पूर्ण झाला, त्याने तर पाण्याच्या लाइनीसुद्धा दाखवल्या. मी आपला त्या फटीशी बसलेला. मॅडमनी फटीचं माप घेऊन दाखवलं. साठ सेंटिमीटर.

तो आकडा ऐकला आणि मी त्यांना फट परत मोजायला लावली.

मग मॅडम काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, काका, सरावाची तर असाइनमेंट आहे, पुढचा कोपरा धरा, बाहेर ओढा आणि जोडून टाका. शब्द न् शब्द माझा होता, धाकट्या. दवाखान्याचा प्लॅन काढताना तू माझ्या टेबलापाशी आला होतास. हातात पेन्सिल होती तुझ्या, कानामागे दुसरी. तू म्हणालास, दादा, आकृती बंद होत नाहीये, मागची बाजू एकदा परत मोजू या. मी मानही वर केली नव्हती. तुझ्या मशीनला समजत नसेल तर कोपरा ओढ आणि जोड, म्हटलं होतं. हाताने काढताना आपण तेच करायचो ना? दोन रेघा मिळाल्या नाहीत की पेन्सिल जरा जाड चालवायची, जुळवून घ्यायचं, कोणाला दिसत नाही. तूही मग ओढलास. थोरल्या भावाने सांगितलं म्हणून ओढलास. तेव्हा ‘बंद होत नाहीये’ म्हणजे तू काय सांगतोयस हे मला खरंच कळलं नव्हतं रे, आईची शपथ. मला वाटलं, यंत्राची काहीतरी खोड आहे. पण ते समजून घ्यायची गरजही मला वाटली नव्हती, ते माझंच.

मॅडम माऊस पुढे करून उभ्या होत्या आणि मी वही मिटून पिशवीत टाकली. मी म्हटलं, उद्या करतो.

घरी येऊन वही परत काढली, चष्मा पुसून खिडकीपाशी बसलो. मागच्या बाजूच्या आकड्याभोवती एक बारीकसं वर्तुळ आहे. क्लासात मला ते चहाच्या थेंबाचा डाग वाटलं होतं. तुला आठवत असेल, वर्तुळ ही माझी खूण. टेपने न मोजता पावलांनी मोजलं असेल, तर मी आकड्याला वर्तुळ करायचो, नंतर परत येऊन मोजायचं म्हणून. मोजणीच्या दिवशी प्लॉटच्या मागे काटेरी झुडपं माजली होती. तू झुडपात शिरून टेपचं टोक लावतो म्हणालास. दुपार झाली होती, मला भूक लागली होती आणि मीच म्हटलं, राहू दे, पावलांनी घेतो. काटे चुकवत चाललो, पाऊल कुठे लांब पडलं, कुठे आखूड. परत जाऊन मोजायचं, ते कधीच मोजलं नाही.

तरी मनाला खात्री होईना. एकोणीस वर्षं एक गोष्ट खरी धरून बसलं की ती सहज सुटत नाही. रविवारी तुझ्या वहिनीला घेऊन दवाखान्यावर गेलो. फिरायला चल म्हणालात आणि हे काय, असं ती वाटभर पुटपुटत होती, पण टेपचं टोक तिने नीट धरलं, अगदी तू धरायचास तसं, अंगठ्याने दाबून. झुडपं आता नाहीत, तिथे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बाक आहेत. बाकावरचे लोक पाय वर घेऊन आमच्याकडे बघत होते. दोनदा मोजलं. चाळीस. चाळीस मीटर, वर काही नाही. वहिनी म्हणाली, एवढं काय झालं, रडताय कशाला? मी टेप गुंडाळायला लागलो.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. सुरुवातीला तुझ्याकडे मदत मागितली, ती फक्त तुला पुढे वाचायला लावण्यासाठी. सोमवारीच चाळीस घातले आणि डावी रेघ जाऊन अलगद कोपऱ्याला मिळाली. असाइनमेंट पास झाली, टेबल राहिलं. मंगळवारी ऑफिसात जिथे उभं राहून तुझ्याकडे बोट दाखवलं होतं, तिथेच उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, की दवाखान्याच्या भिंतीची चूक माझी होती, माझ्या भावाची नव्हती. नवी मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कुठली भिंत, कुठला भाऊ, कोणालाच काही ठाऊक नाही. थोरल्या साहेबांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, अरे, ते मी कधीच विसरलो. विसरले सगळे. म्हणजे हे ऐकायला जगात आता तू एकटाच उरला आहेस, म्हणून तुला लिहितोय. चूक माझी होती, धाकट्या. तू बरोबर होतास, तू मला सांगितलंही होतंस आणि मी तुला तोंडघशी पाडलं. आई गेली तेव्हा तू दोन दिवस आलास, एकाच खोलीत झोपलो आपण, तेव्हाही मी बोललो नाही. मला माफ कर, असं लिहायला हात कचरतोय, पण लिहितो. मला माफ कर. सोबत मोजणीवहीचं ते पान पाठवतोय. फाडून टाकावंसं वाटलं तर खुशाल टाक, पण आधी त्या आकड्याभोवतीचं वर्तुळ एकदा बघ. आणि वहिनी विचारतेय, सुट्टीत येणार असशील तर तुझी खोली झाडून ठेवू का?

तुझाच,
दादा